पुढची चाकं फिरेनात तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कौंडण्यपूर म्हटलं की लोकांना रुक्मिणीचं माहेर आठवतं. आषाढीला इथून पंढरपूरला जाणारी पालखी आठवते, कार्तिकातली यात्रा आणि वर्धा नदीचा काठ आठवतो. आम्हा आसपासच्या शेतकऱ्यांना मात्र पावसाळ्यात सगळ्यात आधी पांधण आठवते. गावापासून वावरापर्यंतचा दोन-अडीच किलोमीटरचा कच्चा रस्ता. उन्हाळ्यात त्यात बोटभर धूळ असते आणि मृगाचा पहिला पाऊस झाला की तीच माती चाकाला अशी धरते की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये हातसुद्धा शिरत नाही. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते. ओली असताना साबणासारखी घसरते आणि सुकताना दगडासारखी होते. कपाशीला ती मानवते. गाडीला मानवत नाही.

म्हणूनच काही वर्षांपूर्वी मी जुनी पिकअप घेतली ती मुद्दाम चारही चाकं ओढणारी, म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह, आपल्या भाषेत फोर बाय फोर. दोन हंगाम ती छान चालली. तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात सोयाबीन निघालं, मळणी झाली, चाळीस पोती वावरात पडलेली आणि पश्चिमेला परतीच्या पावसाचे ढग. घाईघाईनं पहिली वीस पोती भरली आणि निघालो. पांधणीच्या पहिल्याच वळणावर गाडी बसली. मी दांडा फोर-एचमध्ये टाकला, समोर दिवाही लागला. पण खाली उतरून पाहणारा माझा सालदार ओरडला, "भाऊ, मांगचे चाकं फिरून राह्यले, समोरचे तं जागचे हालूनच नाही राह्यले!" शेवटी बैलजोडी आणली, पोती उतरवली, तोवर पाऊस आलाच. भिजलेल्या सोयाबीनचा बाजारात काय भाव होतो, हे ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी गाडी शहरातल्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मिस्त्रीनं गाडीखाली डोकंही न घालता सांगितलं, "पुरा डबाच बदलवा लागते." डबा म्हणजे ट्रान्स्फर केस. खर्चाचा आकडा माझ्या त्या वर्षीच्या सोयाबीनच्या निम्म्याएवढा होता. मी गाडी परत आणली, दोन दिवस तिच्या खाली लोळलो आणि दोष सापडला तो रबराच्या एका फुटलेल्या नळीत. शंभर रुपयांच्या आतलं काम. आज जे सांगणार आहे ते त्या दोन दिवसांत आणि नंतरच्या काही वर्षांत शिकलेलं. मी मिस्त्री नाही. पण जिथून मिस्त्री चाळीस किलोमीटर दूर आहे, तिथं मालकाला निदान दोष कुठे आहे एवढं तरी कळायला हवं.

आधी ही यंत्रणा काय आहे ते पाहू. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून निघते ती साध्या गाडीत एका लांब शाफ्टनं थेट मागच्या आक्सलकडे जाते. फोर बाय फोरमध्ये गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, तीच ट्रान्स्फर केस. तिच्यातून दोन शाफ्ट निघतात, एक मागे आणि एक पुढे. नेहमीच्या चालण्यात, म्हणजे टू-एचमध्ये, पुढचा शाफ्ट सुटा असतो. फोर-एचमध्ये टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट आत एकमेकांना घट्ट जोडले जातात. फोर-एलमध्ये तेच, शिवाय वेग कमी आणि ओढ जास्त. पुढचा शाफ्ट पुढच्या आक्सलमधल्या डिफरन्शियलला फिरवतो, तिथून डाव्या-उजव्या चाकांकडे दोन अर्धे शाफ्ट जातात. आणि बऱ्याच गाड्यांत चाकाच्या मधोमध हब असतो, जो त्या अर्ध्या शाफ्टला चाकाशी जोडतो किंवा सोडतो. साधा हब हातानं फिरवावा लागतो. काही गाड्यांत तो निर्वाताच्या, म्हणजे व्हॅक्यूमच्या ओढीनं आपोआप जुळतो. काहींमध्ये हबऐवजी आक्सलच्या एका बाजूला तशीच सोय केलेली असते.

हे हब प्रकरण तसं जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला ते नव्हते. त्यामुळे टू-व्हीलमध्ये चालवतानाही पुढचे सगळे भाग उगाच फिरत राहायचे. युद्धानंतर जीप नागरी वापरात आल्या, तेव्हा अमेरिकेत वॉर्न कंपनीनं १९४८ च्या सुमारास सुटे होणारे हब बाजारात आणले. आपल्याकडे १९४७ साली मुंबईत महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे कित्येक वर्षं खेड्यात फोर व्हील म्हणजे जीप हेच समीकरण होतं. जुन्या जीपमध्ये मुख्य गिअरच्या बाजूला दोन छोटे दांडे असत, एक पुढची चाकं जोडायला आणि एक लो गिअरला. मागे लोखंडी ट्रॉली असलेल्या फोर बाय फोर पिकअप नंतर आल्या. बोलेरो कॅम्पर, स्कॉर्पिओ गेटअवे, टाटा झेनॉन, २०१६ मध्ये इसुझूची व्ही-क्रॉस, २०२२ मध्ये टोयोटा हायलक्स. दांड्याच्या जागी आता गोल खटका आला, पण खालचं तत्त्व तेच राहिलं.

एक गमतीची पण कामाची गोष्ट. जुनी गाडी घेताना मागच्या फळीवर '४x४' असं लिहिलेलं आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका. एकच मॉडेल दोन्ही प्रकारांत विकलं गेलेलं असतं आणि स्टिकर कोणत्याही दुकानात मिळतो. खाली वाकून पाहा. गाडीच्या मधोमध असलेल्या पेटीतून एक शाफ्ट पुढे गेलेला आहे का आणि पुढच्या चाकांच्या मध्ये डिफरन्शियलचा गोल फुगवटा आहे का? नसेल तर बिघाड शोधायचं कारणच नाही.

आता दुसरा गैरसमज. गाडी फोर-एचमध्ये असूनही रुतली म्हणजे यंत्रणा बिघडलीच असं नाही. डिफरन्शियलचा स्वभाव असा की दोन चाकांपैकी जे सहज फिरतं त्यालाच तो फिरवतो. पुढचं डावं चाक आणि मागचं उजवं चाक चिखलात आणि बाकीची दोन घट्ट जमिनीवर, अशी वेळ आली की चिखलातली दोनच चाकं गरगर फिरतात आणि घट्ट जमिनीवरची शांत उभी राहतात. नाव चारचाकीचं आणि काम दोन चाकांचं. तेव्हा आधी पाहा. पुढचं एक आणि मागचं एक फिरत असेल तर फोर व्हील ठीक आहे. गाडीला रस्ता चुकला आहे. टायरमधली माती खरवडा, तुऱ्हाट्या किंवा पळाट्या चाकाखाली टाका, हवा थोडी कमी करा. पुढचं एकही चाक फिरत नसेल तरच पुढे वाचा.

घरी आल्यावर गाडी सपाट, कडक जागी लावा. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून मोठे दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. नुसत्या हँडब्रेकवर विसंबू नका. जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांना नसून ट्रान्स्फर केसच्या मागे शाफ्टला असतो. अशा गाडीचं मागचं एक चाक जरी उचललं गेलं तरी ब्रेक ओढलेला असूनही गाडी पळू शकते. मग पुढची दोन्ही चाकं जॅकनं जमिनीपासून चार बोटं उचला आणि आक्सलखाली किंवा चेसिसखाली मजबूत स्टँड लावा. विटा लावू नका, वीट अचानक फुटते. जॅकवरच्या गाडीखाली जाऊन माणसं दगावली आहेत. हे वाक्य मी दरवेळी सांगतो आणि दरवेळी कोणीतरी हसतं.

गिअर न्यूट्रल ठेवा, फोर-एच लावा, हाताचे हब असतील तर दोन्ही 'लॉक'वर फिरवा. आता घरातल्या कोणाला तरी उजवं चाक दोन्ही हातांनी घट्ट धरायला सांगा आणि तुम्ही डावं चाक फिरवून पाहा. थोडी ढिलाई, वीतभर मागेपुढे होणं, चालतं. त्यापुढे चाक अडलं पाहिजे. का? मागची चाकं जमिनीवर आहेत, म्हणून मागचा शाफ्ट अडलेला. फोर-एचमध्ये पुढचा शाफ्ट मागच्याला बांधलेला, म्हणून तोही अडलेला. उजवं चाक धरलेलं. मग डाव्याला फिरायला वाटच उरत नाही. डावं चाक अडलं तर ट्रान्स्फर केस, शाफ्ट, दोन्ही हब, सगळं जुळतं आहे.

चाक सरळ फिरत राहिलं तर त्याच क्षणी पुढच्या शाफ्टकडे पाहा. शाफ्टही फिरतो आहे? तर दोष ट्रान्स्फर केसमध्ये किंवा तिला हलवणाऱ्या दांड्यात, मोटरमध्ये आहे. शाफ्ट उभा आहे आणि चाक तेवढं फिरतं आहे? तर दोष पुढे, हबकडे किंवा आक्सलच्या जुळणीकडे आहे. माझ्या गाडीत हेच झालं. शाफ्ट हलतही नव्हता. म्हणजे डबा आपलं काम चोख करत होता आणि तोच बदलायला सांगितलं होतं. समोरचा दिवा का लागत होता, तेही इथंच कळलं. बहुतेक गाड्यांत दिव्याचा खटका ट्रान्स्फर केसवर असतो. तो एवढंच सांगतो की डबा जुळला. चाक जुळलं की नाही हे त्याला माहीत नसतं.

शाफ्ट उभा असेल तर कोणत्या बाजूचा हब सुटा आहे, तेही कळतं. स्वतंत्र सस्पेंशनच्या गाड्यांत रबरी बुटांचे अर्धे शाफ्ट उघडे दिसतात. डावं चाक फिरतं पण डावा अर्धा शाफ्ट उभा, तर डावा हब. डावा अर्धा शाफ्ट चाकाबरोबर फिरतो आणि उजवा उलट्या दिशेनं फिरतो, तर उजव्या चाकाचा हब पकडत नाही. जुन्या जीपसारख्या अखंड आक्सलमध्ये हे शाफ्ट नळीच्या आत लपलेले असतात. तिथं हबचं टोपण उघडून पाहावं लागतं.

व्हॅक्यूमच्या गाड्यांबाबत एक दक्षता. काही प्रकारांत इंजिन बंद झालं की ओढही जाते आणि हब सुटतो, म्हणून बंद गाडीवर घेतलेली परीक्षा फसवी ठरते. अशी गाडी उचलण्याआधी मऊ जमिनीवर फोर-एच लावून दहा-पंधरा फूट चालवून घ्या आणि परीक्षेच्या वेळी गिअर न्यूट्रल ठेवून इंजिन मंद सुरू ठेवा. मात्र तेव्हा गाडीखाली शिरायचं नाही. बाजूला बसून बॅटरीच्या उजेडात शाफ्ट पाहायचा.

आता एकेक दोष. व्हॅक्यूमपासून सुरुवात करतो, कारण तिथं माझं मन गुंतलेलं आहे. पेट्रोल इंजिनात हवा ओढली जाते तिथंच निर्वात मिळतो. डिझेल इंजिनात तो तसा मिळत नाही, म्हणून वेगळा छोटा पंप लावतात, पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीमागे. त्याच पंपावर ब्रेकचा बूस्टरही चालतो. म्हणून फोर व्हील लागत नाही आणि ब्रेकचं पेडलही अलीकडे कडक झालं असेल, तर संशय थेट पंपावर घ्यावा आणि ते दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये. ब्रेक नेहमीसारखा असेल तर पंप ठीक आहे, गळती पुढे कुठेतरी आहे. इंजिन सुरू करा, फोर-एच लावा आणि हबकडे जाणारी नळी टोकाला काढून तिच्या तोंडावर बोट ठेवा. बोट ओढलं गेलं पाहिजे. नाही ओढलं तर एकेक जोड मागे येत जा. जिथं ओढ लागते आणि जिथं लागत नाही त्यांच्या मधला तुकडा फुटका. आपल्याकडच्या उन्हात रबर चार-पाच वर्षांत तडकतं, सायलेन्सरच्या जवळून गेलेलं तर आधीच. उंदीरही नळ्या कुरतडतात. माझी नळी मडगार्डच्या आत क्लिपपाशी चिरली होती. वरून पाहिलं तर अखंड, वाकवली की तोंड उघडायची. नवी नळी घेताना आतला व्यास तोच घ्यावा आणि भिंत जाड असलेली घ्यावी. पातळ नळी ओढीनं आतल्या आत चपटी होते. नळ्या चांगल्या असतील आणि तरी ओढ पोचत नसेल, तर मधला विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह पाहावा. खटका दाबला की त्यातून 'टक' आवाज यायला हवा.

हातानं फिरवायच्या हबमध्ये बिघडण्यासारखं थोडंच असतं. पाणी शिरतं, ग्रीस घट्ट होतं, स्प्रिंग गंजते. पाच-सहा बोल्ट काढले की टोपण निघतं. डिझेलनं धुवा, पुसा, पातळ ग्रीसचा हलका हात द्या. ग्रीस भरभरून कोंबणं ही आपल्याकडची आवडती चूक आहे. जाड ग्रीसमध्ये हबची कडी सरकतच नाही. आणि दोन्ही बाजू सारख्याच लावा. एक लॉक आणि एक सुटा ठेवून फोर व्हील लावलं तर पुढची ओढ मिळत नाही, उगाच डिफरन्शियल मात्र गरागरा फिरतो.

परीक्षेत शाफ्ट फिरत असेल, म्हणजे दोष ट्रान्स्फर केसकडे असेल, तर पेटी उघडायच्या आधी तिच्या बाहेरचं पाहायचं. दांड्याची गाडी असेल तर एकानं आत दांडा हलवावा, दुसऱ्यानं खाली पाहावं. पेटीच्या बाहेरचा छोटा हात पूर्ण सरकतो का? पिना गंजलेल्या, बुश झिजलेली, वर सुकलेल्या मातीचा गोळा, यामुळे दांडा आत गेला तरी पेटीतला फॉर्क अर्धाच सरकतो आणि ओढ पडली की निसटतो. खरवडा, गंज सोडवणारं तेल मारा, बुश बदला. खटक्याची गाडी असेल तर इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवा, खटका फोर-एचवर न्या आणि कान द्या. रिलेचा 'टक' आणि मागोमाग मोटरचा 'घर्र' आला पाहिजे. काही गाड्यांत त्यासाठी क्लच दाबावा लागतो किंवा गिअर न्यूट्रल ठेवावा लागतो. गाडीबरोबरच्या पुस्तकात ते असतं. काहीच आवाज नाही तर आधी फ्यूज, मग बॅटरी. विश्रांतीत असलेली भरलेली बॅटरी साधारण साडेबारा व्होल्टच्या वर दाखवते. बाराच्या खाली असेल तर मोटर अर्धवट फिरून थांबते आणि आपण मोटरला दोष देतो. मग मोटरच्या वायरचा जोड सुटा करा. हिरवट बुरशी दिसली तर तोच चोर. मीटर नसला तर इंडिकेटरचा बारा व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी पुरतात. मोटर फिरते पण गाडी जुळत नाही, तर मात्र दोष पेटीच्या आत आहे.

उलटा प्रकारही होतो. फोर व्हील लागतं पण सुटत नाही. आपल्याकडे हे मुख्यतः डांबरी रस्त्यावर फोर-एच लावून चालवल्यामुळे होतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, म्हणजे त्यांना जास्त फेरे घ्यावे लागतात. पण शाफ्ट तर एकमेकांना बांधलेले. चिखलात चाक घसरून हिशेब बरोबर करतं, डांबरावर घसरता येत नाही आणि सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो. त्या पिळानं आतली कडी अशी आवळते की दांडा हलत नाही. हातोडा घेऊ नका. गाडी सरळ पाच-दहा मीटर रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो, दांडा बोटानं निघतो. टायरमुळेही हेच होतं. समजा मागच्या नव्या टायरचा घेर २.२ मीटर आहे, तर तो एका किलोमीटरला सुमारे ४५५ फेरे घेतो. पुढचे टायर झिजून घेर दोन टक्के कमी असेल तर ते ४६४ फेरे घेणार. दर किलोमीटरला नऊ फेऱ्यांचं भांडण, आणि शाफ्टवर ते कित्येक पटींनी वाढतं. मागे नवे आणि पुढे गुळगुळीत टायर ही काटकसर फोर बाय फोरमध्ये महागात पडते.

आवाजावरूनही बरंच कळतं. गाडी उचलताना किंवा मागेपुढे घेताना खालून एकदा 'ठक्' असा आवाज येत असेल, तर शाफ्टच्या टोकाचा क्रॉस पाहा. शाफ्ट दोन्ही हातांनी पिळा. क्रॉसच्या जोडात हालचाल जाणवली किंवा लालसर गंजाची भुकटी दिसली, तर तो गेला. बदलायला घरी येतो: बाकापाना, हातोडी आणि लॉक काढायला पक्कड. पण शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर छिन्नीनं किंवा रंगानं खूण करा आणि सरकत्या जोडावरही करा. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत असावे लागतात. एक दात जरी इकडेतिकडे बसवला तर गाडी थरथरू लागते आणि महिनाभर कारण सापडत नाही. पूर्ण वळण घेताना पुढून 'कट-कट-कट' आवाज आला तर अर्ध्या शाफ्टचा सांधा. त्याचा रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आणि माती आत गेलेली असते. बूट फाटल्याचं लवकर दिसलं तर धुऊन, नवं ग्रीस भरून, नवा बूट चढवता येतो. आवाज सुरू झाल्यावर धुण्याचा उपयोग नाही.

आणि तेल. नदी-नाल्यातून गाडी घालणाऱ्यांनी हे नीट ऐकावं. चालून आलेलं आक्सल गरम असतं. ते एकदम थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि मिळेल तिथून बाहेरचं ओढून घेते. आक्सलवर हवेसाठी छोटं तोंड ठेवलेलं असतं, त्याला ब्रीदर म्हणतात. ते मातीनं बुजलेलं असलं की सीलमधून पाणी आत खेचलं जातं. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं की समजावं पाणी शिरलं. मग ते तेल एक दिवसही ठेवू नये, बेअरिंगं गंजतात. ब्रीदर साफ करा आणि त्याला रबरी नळी जोडून तिचं टोक इंजिनच्या वरच्या बाजूला बांधा. तेल बदलताना आधी वरचा, भरायचा बोल्ट सुटतो का ते पाहा. मगच खालचा सोडा. खालून तेल सोडून दिलं आणि वरचा बोल्ट गंजून अडकलेला निघाला, तर गाडी जागेवर उभी राहते. माझ्या एका शेजाऱ्याची आठवडाभर उभी होती. तेल त्या तोंडाच्या काठापर्यंत आलं की पुरे. डिफरन्शियलला सहसा नव्वद नंबरचं गिअर ऑइल लागतं, पण काही ट्रान्स्फर केसमध्ये पातळ एटीएफ असतं. सगळ्यांत एकच तेल ओतू नका, पुस्तक पाहा. खालच्या बोल्टच्या चुंबकाला राखाडी लेपासारखा कीस असतोच, त्यानं घाबरायचं नाही. पण नखाएवढा पोलादाचा तुकडा सापडला तर तो दात आहे.

तिथं आपलं काम संपतं. तुटलेला दात, ट्रान्स्फर केसमधली सैल झालेली साखळी, घूं-घूं करणारं बेअरिंग, क्राऊन-पिनियनची जुळणी ही कामं मोजमापाची आहेत, त्यांना चांगला मिस्त्रीच हवा. फक्त त्याच्याकडे जाताना 'फोर व्हील लागत नाही' एवढंच सांगू नका. उजवं चाक धरलं असता डावं फिरतं आणि शाफ्टही फिरतो, असं सांगा. बोलण्याचा सूर लगेच बदलतो, हा माझा अनुभव आहे.

यातले निम्मे बिघाड वापरामुळे नव्हे तर न वापरल्यामुळे होतात. आपल्या भागात फोर व्हीलचा दांडा जून ते ऑक्टोबर हलतो आणि मग सात महिने त्याला कोणी हात लावत नाही. कडी गंजते, ग्रीस सुकतं, सील कोरडे पडतात. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर फोर-एचमध्ये आणि थोडं फोर-एलमध्ये चालवलं तरी तेल सगळीकडे फिरतं. आणि चाक धरून पाहण्याची ती परीक्षा मी दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात करतो, बियाणं आणायला जाण्याच्या आधी. अर्ध्या तासाचं काम आहे. काही निघालंच, तर मृग लागेपर्यंत सुटा भाग मागवायला वेळ मिळतो.